पिकअपचं स्टेअरिंग ढिलं झालंय : गॅरेजमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गॅरेज गोव्यात, साखळीहून केरीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. चोर्ला घाट उतरून बेळगावची भाजी आणणाऱ्या पिकअप पहाटे इथूनच पुढे जातात. शिवाय चिरे वाहणाऱ्या, मासळीच्या, मंडपवाल्यांच्या गाड्याही येतात. स्टेअरिंगची तक्रार घेऊन आलेला ड्रायव्हर दार उघडण्याआधीच सांगतो, "मेस्त्री, बॉक्स गेला. नवा टाक." बॉक्स म्हणजे स्टेअरिंगचा गिअरबॉक्स, आणि तो बऱ्याचदा गेलेला नसतो. तेच तेच समजावून तोंड दुखायला लागलं म्हणून हे लिहून काढलं.

यातलं बहुतेक पुढे कमानी पाटे आणि सरळ अ‍ॅक्सल असलेल्या, बॉक्सवाल्या स्टेअरिंगच्या पिकअपना लागू आहे. तुमच्या गाडीला बॉक्सऐवजी रॅक (दातेरी पट्टी) असेल तर तिचं गणित थोडं वेगळं. चाकाजवळची तपासणी मात्र तीच.

किती हललं म्हणजे "ढिलं" म्हणायचं?

गाडी सपाटीवर उभी करा, पुढची चाकं सरळ ठेवा. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू हवं, नाहीतर मोजमाप खोटं येतं. स्टेअरिंगच्या कड्यावर खडूने खूण करा आणि डॅशबोर्डला टेकवून एक पट्टी धरा. आता एका बोटाने स्टेअरिंग डावीकडे न्या. पुढचं चाक हलायला लागलं की थांबा, मग तसंच उजवीकडे. खूण पट्टीवर जेवढी सरकली, तेवढा प्ले.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९८ सांगतो की स्टेअरिंगवर ३० अंशांपेक्षा जास्त मोकळी चाल असता कामा नये. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या स्टेअरिंगवर ३० अंश म्हणजे कड्यावर जवळपास साडेदहा सेंटिमीटर! एवढा प्ले असलेली गाडी घाटात न्यायची माझी तरी छाती नाही. दोन-तीन सेंटिमीटर जुन्या बॉक्सच्या गाडीत चालून जातं. चारच्या पुढे गेलं की शोध सुरू करायचा.

प्ले नेमका कुठे आहे हे कसं कळणार?

दोन माणसं हवीत, आणि गाडी जमिनीवरच हवी. जॅकवर चढवली की चाकं मोकळी फिरतात, सांध्यांवर जोर येत नाही आणि दोष लपतो. मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा. एकाने स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवी हलवत राहायचं. जोरात नको, पाळणा हलवावा तसं. दुसऱ्याने खाली झोपून एकेका सांध्यावर बोटं ठेवायची. सांध्याच्या दोन बाजूंवर दोन बोटं ठेवली की एक बाजू हलतेय आणि दुसरी गप्प आहे हे डोळ्यांआधी बोटांना कळतं.

वरून खाली या. स्टेअरिंगच्या दांड्याचा खालचा युनिव्हर्सल जॉइंट आधी बघा. तो इंजिनजवळच्या उष्णतेत सुकतो, आणि रबरी कपलिंग असेल तर ते फाटतं. मग बॉक्सला चेसिसशी धरणारे बोल्ट. स्टेअरिंग हलवताना अख्खा बॉक्सच डुलत असेल तर दोष बोल्टचा किंवा चेसिसच्या ब्रॅकेटचा आहे. यानंतर बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट आणि त्यातून बाहेर येणारा ड्रॉप आर्म यांची तुलना करा. शाफ्ट बराच फिरतोय आणि आर्म जागचा हलत नाही, तर प्ले बॉक्सच्या आत. दोन्ही बरोबर हलत असतील तर बॉक्सला सोडा आणि पुढे चला. ड्रॅग लिंकची (ड्रॉप आर्मपासून चाकाकडे जाणारा दांडा) दोन टोकं, मग टाय रॉडची (पुढची दोन्ही चाकं जोडणारा दांडा) दोन टोकं. या टोकांच्या सांध्यांनाच आम्ही एंड म्हणतो.

चाकं शेवटी, आणि आता जॅक लावा, खाली घोडी (आधाराचा स्टँड) ठेवायला विसरू नका. चाक वर-खाली धरून हलवा. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर बेअरिंग ढिलं आहे. तरीही हलत राहिलं तर किंग पिन (जिच्यावर पुढचं चाक वळतं ती खीळ) आणि तिचे बुश झिजलेत. ब्रेकची ही युक्ती मला माझ्या काकांनी शिकवली. त्यांच्याकडे मोजायचं एकही उपकरण नव्हतं.

बॉक्सवरचा स्क्रू पिळला की बरं होतं म्हणतात. पिळू का?

होतं बरं, आठवडाभर. गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त नुकसान याच स्क्रूने केलेलं मी पाहिलंय.

आत काय आहे ते समजून घ्या. स्टेअरिंगचा दांडा एक आटेदार वर्म फिरवतो. वर्मवर एक नट असतो, आणि दोघांच्या मधल्या खाचांतून पोलादी गोळ्या घरंगळत राहतात. या नटच्या बाहेरच्या दात्यांत सेक्टर शाफ्टचे दाते बसतात आणि शाफ्टच्या टोकाला ड्रॉप आर्म असतो. झाकणावरचा स्क्रू त्या सेक्टर शाफ्टला नटच्या दात्यांत जास्त किंवा कमी दाबतो. कारखान्यात बॉक्स मुद्दामच असा बनवतात की चाकं सरळ असताना दाते सर्वांत घट्ट बसतील आणि वळणावर थोडे सैल राहतील.

गाडी आयुष्यभर बहुतेक सरळच चालते, त्यामुळे झीजही मधोमधच होते. मधला प्ले घालवायला स्क्रू पिळला की मधे ठीक होतं, पण न झिजलेल्या बाजूंना दाते आवळून बसतात. मग वळण घेतलं की स्टेअरिंग आपसूक परत येत नाही. दोन वर्षांपूर्वी भाजीच्या एका ड्रायव्हरने वाटेतल्या एका गॅरेजात तीन वेळा स्क्रू पिळून घेतला. तिसऱ्या खेपेला चोर्ल्याच्या उतारावर उजवं वळण काढलं, हात सैल सोडला, तर स्टेअरिंग वळलेलंच राहिलं. त्याने दोन्ही हातांनी ओढून परत आणलं म्हणून गाडी दरीच्या कठड्याला घासून निभावली. टोमॅटोचे चार क्रेट तेवढे खाली गेले. माझ्याकडे आला तेव्हा मी तो स्क्रू हातानेच फिरवून बघायला गेलो, तर त्याला जागी धरणारा लॉकनट मुळात कधी आवळलेलाच नव्हता.

स्क्रू फिरवायचाच असेल तर बाकीचे सगळे सांधे तपासून झाल्यावर, ड्रॅग लिंक सोडून, बॉक्स बरोबर मधोमध ठेवून, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा कमी. मग लॉकनट आवळा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टेअरिंग फिरवून बघा. कुठे अडलं तर स्क्रू परत सोडा.

मग बॉक्स खरंच गेलाय हे कशावरून ठरवता?

शाफ्ट आणि ड्रॉप आर्म यांच्यातला फरक, खालच्या सीलमधून ठिबकणारं ऑइल, आणि वळताना हाताला लागणारे दाणे. ड्रॉप आर्म धरून वर-खाली ओढल्यावर सेक्टर शाफ्टच कचकचला तर त्याचे बुश गेलेत.

मागच्या महिन्यात एक उघडला. झाकण काढलं तर ऑइल राखाडी, आणि बोटावर घेऊन उन्हात धरलं तर त्यात चांदीच्या वर्खासारखं चमकणारं. वर्म डिझेलने धुतला. बाजूचे आटे आरशासारखे, आणि मधल्या दोन आट्यांत नखाला लागतील असे खड्डे. अशा वर्मला कोणतंही किट वाचवत नाही. सील-किट फक्त गळतीसाठी असतं हे लक्षात ठेवा.

नवा घ्यावा, रिकंडिशन घ्यावा की भंगारातला?

भंगारातला घेऊ नका. ज्या गाडीतून तो निघाला ती बहुतेक अपघातातली असते, आणि चाकाला बसलेला धक्का ड्रॉप आर्ममधून थेट त्या दात्यांवर गेलेला असतो. बाहेरून काही दिसत नाही.

रिकंडिशन चांगला असू शकतो, फक्त आत काय बदललं ते विचारा. "सील आणि रंग" एवढंच उत्तर आलं तर ती नुसती रंगवलेली जुनी वस्तू आहे. वर्म, नट आणि गोळ्या जुळवून बदलल्या असतील तर घ्या. नव्यात कंपनीच्या भागाचा नंबर गाडीच्या चेसिस नंबरवरून जुळवूनच मागवतो. एकाच मॉडेलमध्ये साधं आणि पॉवर असे दोन बॉक्स असतात. बाहेरून एकसारखे दिसले तरी आतून टोकापासून टोकापर्यंतचे फेरे वेगळे असू शकतात.

जुना बॉक्स परत मागून घ्या. कुठल्याही गॅरेजमध्ये, आमच्यातसुद्धा.

बदलायला किती वेळ लागतो आणि तुम्ही नक्की काय करता?

गंज नसेल तर अर्धा दिवस. मासळीच्या गाड्यांना पूर्ण दिवस धरा. बर्फाचं खारं पाणी चेसिसवर वर्षानुवर्षं गळत असतं, आणि बॉक्सचे बोल्ट त्यात असे बसतात की पान्याचं तोंड फाटतं पण बोल्ट हलत नाही. त्यांना आदल्या संध्याकाळीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवतो.

चाकं सरळ करून स्टेअरिंग दोरीने बांधून टाकतो. एअरबॅग असलेल्या गाडीत हे फार महत्त्वाचं. खालचा दांडा सुटल्यावर स्टेअरिंग मोकळं फिरलं तर आतली पट्टीची वायर तुटते आणि खर्च भलतीकडेच वाढतो. मग ड्रॉप आर्म आणि शाफ्ट दोन्हींवर पंचने खूण. आर्म काढायला पुलरच हवा. हातोड्याने ठोकून काढणारे आहेत, पण प्रत्येक ठोका आतल्या गोळ्यांवर बसतो. गॅसने तापवणं तर नकोच, स्टेअरिंगच्या भागाला आग दाखवली की त्याचं पाणी उतरतं, म्हणजे पोलादाचा कडकपणा जातो.

बॉक्स निघाला की मोकळ्या झालेल्या ब्रॅकेटवर तारेचा ब्रश मारतो. हे काम कुणी बिलात लावत नाही, म्हणून कुणी करतही नाही. चिखल निघाल्यावर भोकाच्या कडेपासून निघालेली, केसाएवढी तांबूस रेघ दिसली की समजायचं चेसिसला तडा आहे. त्यावर नवा बॉक्स बसवणं म्हणजे कुजलेल्या खांबावर नवं छप्पर. बॅटरीची वायर काढून, चांगल्या फॅब्रिकेटरकडून ते आधी वेल्ड करून घ्यायचं.

नवा बॉक्स बसवण्याआधी तो मध्यावर आणायचा. शाफ्ट एका टोकापर्यंत फिरवा, तिथून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजा, त्यांच्या निम्मे परत या. चार फेरे भरले तर दोन मागे. मग दांड्याचा जोड असा बसवा की त्याचा आवळायचा बोल्ट शाफ्टवरच्या खाचेतून आरपार जाईल. खाच चुकली तर बोल्ट आवळलेला दिसतो, पण जोड एक दिवस सरकतो.

माझीच एक चूक सांगतो. नवीन असताना ड्रॉप आर्म एक दात चुकून बसवला. खूण होती, पण चिखलात दिसली नाही आणि मी अंदाजाने बसवला. गाडी सरळ चालत होती, स्टेअरिंग वाकडं होतं, म्हणून मी स्टेअरिंग काढून सरळ बसवून दिलं. मालक खूश. आठ दिवसांत परत आला, गाडी डावीकडे कमी वळत होती, आणि बॉक्स त्याच्या घट्ट जागेपासून सरकून चालल्यामुळे प्लेही होता. तेव्हापासून स्टेअरिंग वाकडं आलं तर ड्रॅग लिंकवरूनच सरळ करतो. स्टेअरिंगचं चाक त्यासाठी काढायचं नाही.

कॅसल नटच्या (डोक्यावर खाचा असलेला नट) खाचेत पिन बसत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा, मागे कधीही सोडायचा नाही. स्प्लिट पिन दर वेळी नवी. नट किती आवळायचा ते मॉडेलच्या पुस्तकात दिलेलं असतं. ड्रॉप आर्मच्या नटला लांब दांड्याचा टॉर्क पानाच लागतो.

पॉवर स्टेअरिंगची हवा कशी काढतात?

आधी जुनं ऑइल पूर्ण काढून टाकी आणि पाइप धुवायचे. जुन्या बॉक्सचा तो चांदीचा वर्ख पाइपात राहिला तर नवा बॉक्सही तोच खाणार. मग पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, टाकी भरत भरत स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा हळूहळू फिरवतो. ऑइलची पातळी खाली जायची थांबली की इंजिन चालू करून पुन्हा तेच. टोकाला पाच सेकंदांहून जास्त दाबून धरू नका, पंप तापतो. टाकीत फेस दिसला किंवा पंप कण्हत असेल तर हवा अजून आहे. थोडा वेळ गाडी तशीच उभी ठेवा आणि मग पुन्हा फिरवा.

पुस्तकात लिहिलं तेच ऑइल घाला. ब्रेक ऑइल चुकूनही नको, सगळे सील फुगतात. साध्या बॉक्समध्ये पंप नसतो, त्यात गिअर ऑइल असतं, बहुतेक नव्वद ग्रेडचं.

नवा बॉक्स टाकला, तरी प्ले आहे. फसवलं का?

कदाचित नाही, पण शोध अर्धवट झाला. जुना बॉक्स सैल असताना टाय रॉडचे झिजलेले एंड कळत नव्हते, आता कळतात. आणि अलाइनमेंट केलीत का? एंड बदलले की चाकांचं तोंड आत-बाहेर होतं. अलाइनमेंट न करता दोन-तीन हजार किलोमीटर गेलात तर टायरची कड करवतीसारखी होते.

रिकामी गाडी बरी चालते, भरली की तरंगते. का?

हा दोष बऱ्याचदा स्टेअरिंगचा नसतोच. चिरे मागच्या फळीला टेकवून रचले की भार मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे पडतो आणि गाडीचं नाक वर उचललं जातं. पुढच्या टायरवर वजन कमी म्हणजे पकड कमी. भार पुढे, केबिनच्या पाठीला लावून रचा, मर्यादेत भरा, पुढच्या टायरची हवा बघा. तरी तरंगली तर पुढच्या कमानीचे यू-बोल्ट बघा. ते ढिले असले की अ‍ॅक्सल पाट्याखाली सरकतो आणि गाडी मनाला येईल तिकडे जाते.

खड्ड्यात चाक गेलं की स्टेअरिंग हातात थयथयाट करतं.

वेग हळूहळू कमी करा, स्टेअरिंगशी झुंजू नका. कारण किंग पिन, टाय रॉड एंड, कमानीचे बुश, नाहीतर चाकाचं बॅलन्सिंग. स्टेअरिंग डॅम्पर (धक्के शोषणारा दांडा) टाकला की थयथयाट झाकला जातो, म्हणून तो शेवटी.

स्टेअरिंग ढिलं नाही, जड झालंय.

बेल्ट, पंप, ऑइलची पातळी, टायरची हवा. आणि नुकताच कुणी तो स्क्रू पिळलाय का ते आठवा.

पावसाळा संपल्यावरच हे का सुरू होतं?

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि आपली लाल माती त्या पाण्याबरोबर जिथे फट दिसेल तिथे शिरते. एंडच्या रबरी टोपीला चीर गेली की आत ग्रीसऐवजी लाल चिखल तयार होतो, पॉलिश पेपरसारखा. एका मोसमात सांधा खलास. टोप्या शाबूत असाव्यात हे त्याच नियम ९८ मध्येही आहे. मे महिन्यात खाली वाकून बघा. फाटकी टोपी दिसली तर ती बदला, एंड वाचेल. ग्रीस निपल असतील तिथे जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारा.

घरी करता येईल का?

तपासणी जरूर करा, चाकांना दगड आणि जॅक लावताना खाली घोडी असेल तर त्यात फारसा धोका नाही. टोप्या आणि ग्रीससुद्धा. बॉक्स आणि एंड मात्र पुलर, टॉर्क पाना आणि अनुभव असल्याशिवाय नको. इंजिनचं काम चुकलं तर गाडी उभी राहते, हे चुकलं तर ती थांबत नाही.

इतका प्ले घेऊन घाट उतरलो तर चालेल?

खडखडाट नवा असेल, स्टेअरिंग कालपर्यंत सरळ होतं आणि आज अचानक वाकडं झालं असेल, किंवा बॉक्सच चेसिसवर डुलत असेल, तर नाही. टो करून आणा. कुठला तरी सांधा सुटायच्या बेतात आहे. वर्षभर हळूहळू वाढलेला प्ले असेल तर रिकाम्या गाडीने, सावकाश, जवळच्या गॅरेजपर्यंत या. केरीला उतरल्यावर बघू म्हणत अख्खा घाट पार करू नका, बघायचं ते वर थांबून बघा.

फिटनेसच्या दाखल्याच्या तपासणीत अडेल का?

अडू शकतं आणि अडावंही. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी फिटनेस लागतो. तारखेच्या आदल्या दिवशी येऊ नका, पार्ट मागवायला वेळ लागतो. झिजेचा खर्च विमा देत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

बदलल्यावर परत कधी आणायची?

पाचशे किलोमीटरनंतर, फक्त बोल्ट तपासायला. त्याचे पैसे घेत नाही.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी मिळेल का?

श्रावण लागायच्या आत आणली तर मिळेल. चवथीच्या आधीच्या आठवड्यात माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-भाज्यांच्या आराशीचं) सामान, मंडप, मूर्ती वाहणाऱ्या सगळ्या पिकअप एकाच वेळी दारात उभ्या असतात, आणि पुलर आमच्याकडे एकच आहे.